प्रतिमा व बहुमाध्यम शोधप्रणालींसाठी समान संप्रेषण प्रमाणके : एक विवेचन

प्रस्तावना

ग्रंथालयातील पुस्तकाचा शोध लेखक, शीर्षक किंवा विषय यांच्या आधारे घेता येतो. छायाचित्र, चित्रफीत वा ध्वनिमुद्रण यांच्या बाबतीत मात्र शोधाला आधारभूत ठरेल असा शब्द बहुधा उपलब्ध नसतो. वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकास हातातील पानाशी साम्य असणारे हर्बेरियममधील नमुने हवे असतात, तर नाणेशास्त्राच्या अभ्यासकास झिजलेल्या नाण्याशी जुळणारा ठसा हवा असतो. अशी गरज शब्दांत मांडणे कठीण, परंतु नमुना दाखवून सांगणे सोपे असते. या गरजेतून १९९० च्या दशकात ‘आशयाधारित प्रतिमाशोध’ ही संगणकशास्त्राची शाखा आकारास आली. शोधप्रणाली अनेक निर्माण झाल्या. त्यांनी परस्परांशी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न मात्र मागे राहिला. या प्रश्नाचे स्वरूप, त्यावर झालेले प्रयत्न आणि त्यातून शैक्षणिक संस्थांनी घ्यावयाचा बोध यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समस्येचे स्वरूप

कोणत्याही प्रतिमाशोध प्रणालीचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे वापरकर्त्यासमोरील दर्शनी पडदा. दुसरा भाग म्हणजे शोधयंत्र. ते प्रत्येक चित्रातील रंग, पोत, आकार इत्यादी गुणधर्म अंकांत नोंदवून त्यांची तुलना करते. आयबीएम कंपनीची ‘क्यूबिक’ आणि कोलंबिया विद्यापीठाची ‘व्हिज्युअलसीक’ या सुरुवातीच्या काळातील प्रसिद्ध प्रणाली होत. रशियातील हर्मिटाज संग्रहालयाच्या संकेतस्थळावर क्यूबिकच्या साहाय्याने रंग व मांडणीवरून चित्र शोधण्याची सोय करण्यात आली होती. परंतु बहुतेक प्रणालींत दर्शनी भाग व शोधयंत्र एकमेकांशी घट्ट बांधलेले होते. याचे तीन परिणाम झाले.

१) उत्तम दर्शनी पडदा तयार करू इच्छिणाऱ्या संशोधकास शोधयंत्रही स्वतःच तयार करावे लागे.

२) दोन प्रणालींना एकच प्रश्न विचारून उत्तरांची तुलना करणे दुरापास्त झाले. मजकूरशोधाच्या क्षेत्रात १९९२ पासून ‘ट्रेक’ या उपक्रमाद्वारे अशी तुलना होत होती.

३) एकदा निवडलेली प्रणाली बदलणे संग्राहक संस्थेस महाग पडू लागले.

ग्रंथालयशास्त्रात हा प्रश्न पूर्वीच हाताळला गेला होता. ‘झेड ३९.५०’ हे प्रमाणक अमेरिकेत १९८८ मध्ये स्वीकारले गेले आणि १९९८ मध्ये आयएसओ २३९५० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय झाले. त्यामुळे एका ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधून दुसऱ्या ग्रंथालयाच्या तालिकेत शोध घेता येऊ लागला. मात्र या प्रमाणकाचा भर शब्द व नोंदींवर आहे. प्रतिमाशोधात प्रश्न हाच एक चित्र असतो. शिवाय शोध एका प्रश्नात संपत नाही. ‘हे हवे, ते नको’ असे सांगत वापरकर्ता हळूहळू इच्छित चित्रापर्यंत पोहोचतो. या संवादासाठी वेगळ्या भाषेची आवश्यकता होती.

एमआरएमएल : स्वरूप व कार्यपद्धती

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठाच्या ‘वायपर’ या संशोधनगटाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस अशी भाषा मांडली. ‘मल्टिमीडिया रिट्रीव्हल मार्कअप लँग्वेज’, म्हणजेच एमआरएमएल, हे तिचे नाव. ती एक्सएमएलवर आधारित असून तिचा वापर करणारे ‘गिफ्ट’ हे शोधयंत्र मुक्त सॉफ्टवेअर म्हणून प्रसिद्ध करण्यात आले.

या भाषेतील व्यवहार साध्या क्रमाने चालतो. दर्शनी भाग प्रथम शोधयंत्राशी सत्र सुरू करतो आणि कोणते चित्रसंग्रह व कोणत्या शोधपद्धती उपलब्ध आहेत, याची विचारणा करतो. निवड झाल्यावर नमुनाचित्रांचे पत्ते पाठविले जातात. प्रत्येक चित्रासोबत वापरकर्त्याचा कौल अंकात दिला जातो : उपयुक्त चित्रास अधिक एक, निरुपयोगी चित्रास उणे एक. शोधयंत्र उत्तरादाखल चित्रांचे पत्ते, त्यांच्या लघुप्रतिमांचे पत्ते व साम्याचे प्रमाण कळविते. वापरकर्ता पुन्हा कौल देतो आणि हा क्रम पुढे चालू राहतो. हाती नमुनाच नसल्यास शोधयंत्र काही चित्रे यादृच्छिक पद्धतीने दाखविते व तेथून आरंभ होतो.

या रचनेतील तीन बाबी विशेष लक्षणीय आहेत. पहिली, शोधयंत्र आपल्या पद्धतीत कोणते पर्याय उपलब्ध आहेत हे स्वतःच कळविते व त्यानुसार दर्शनी भाग पडद्यावर कळा मांडतो. नवी शोधपद्धती आली तरी दर्शनी भाग नव्याने लिहावा लागत नाही. दुसरी, अपरिचित खूण आढळल्यास ती दुर्लक्षून पुढे जावे असा नियम असल्याने, एखाद्या गटाने स्वतःची भर घातली तरी संवाद खंडित होत नाही. तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. या भाषेत चित्राचा पत्ता व वापरकर्त्याचा कौल पाठविला जातो. चित्राचे अंकात्मक विश्लेषण पाठविले जात नाही. विश्लेषण कसे करावयाचे, हा प्रत्येक शोधयंत्राचा अंतर्गत विषय राहतो. म्हणूनच पूर्णतः भिन्न तत्त्वांवर चालणारी दोन शोधयंत्रे एकाच प्रश्नाचे उत्तर देऊ शकतात.

नंतरचे प्रयत्न

याच काळात आयएसओच्या वतीने एमपीईजी-७ हे प्रमाणक तयार झाले (आयएसओ/आयईसी १५९३८). त्याने बहुमाध्यम आशयाचे वर्णन कसे लिहावे हे ठरविले. परंतु वर्णन चित्रातून कसे काढावे व शोध कसा घ्यावा, हे जाणीवपूर्वक मोकळे ठेवले. प्रश्न विचारण्याच्या भाषेची ही उणीव २००८ मध्ये त्याच्या बाराव्या भागाने, म्हणजे ‘एमपीईजी क्वेरी फॉरमॅट’ने, भरून काढली. त्यात नमुन्याद्वारे, वर्णनाद्वारे, मुक्त मजकुराद्वारे तसेच वापरकर्त्याच्या कौलाद्वारे प्रश्न विचारण्याची तरतूद आहे. स्थिरचित्रांसाठी ‘जेपीसर्च’ या प्रमाणकमालेत हाच धागा पुढे नेण्यात आला.

असे असूनही यांपैकी कोणतीही भाषा झेड ३९.५० प्रमाणे सर्वत्र रुजली नाही. एमआरएमएलच्या मागे संशोधनगट होते, परंतु मोठे संग्राहक नव्हते. एमपीईजीची प्रमाणके सर्वसमावेशक, पण विस्तृत व गुंतागुंतीची होती. याउलट २०११ मध्ये सुरू झालेली ‘ट्रिपल-आय-एफ’ ही चळवळ यशस्वी ठरली. ब्रिटिश लायब्ररी, ऑक्सफर्ड व स्टॅनफर्ड यांसारख्या संग्राहक संस्थाच तिच्या प्रारंभापासून सहभागी होत्या. तिने आरंभी एकच मर्यादित काम हाती घेतले : चित्राचा कोणता भाग, किती आकारात, किती अंशांत फिरवून, कोणत्या दर्जात व स्वरूपात हवा, हे एका पत्त्यातच लिहिण्याची रीत. त्यामुळे निरनिराळ्या संस्थांतील हस्तलिखितांची पाने एकाच पडद्यावर शेजारीशेजारी ठेवून पाहता येतात. मात्र ‘या चित्रासारखी चित्रे दाखवा’ हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. म्हणजेच चित्र पोहोचविण्याची समान भाषा रुजली, परंतु चित्र शोधण्याची रुजली नाही.

सद्यःस्थिती व संस्थांची भूमिका

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्लिप’सारख्या प्रारूपांमुळे चित्र व वाक्य यांची तुलना एकाच अंकमालिकेच्या रूपात करता येऊ लागली. परिणामी शोधाची गुणवत्ता वाढली. जुना प्रश्न मात्र अधिक तीव्र झाला. स्वतंत्रपणे घडविलेल्या दोन प्रारूपांनी एकाच चित्रासाठी दिलेल्या अंकमालिकांची थेट तुलना करता येत नाही. ज्या संस्थेने मूळ चित्रांची निगा न राखता केवळ एका पुरवठादाराच्या अंकमालिकांवर भिस्त ठेवली, तिचा संग्रह त्या पुरवठादाराच्या स्वाधीन होतो. अशा वेळी एमआरएमएलमागील विचार, म्हणजे विश्लेषण शोधयंत्राकडे व संवाद समान भाषेत, आजही मार्गदर्शक ठरतो.

महाविद्यालयांत हर्बेरियमचे नमुने, नाणी, हस्तलिखिते व जुनी छायाचित्रे यांचे संगणकीकरण करताना पुढील बाबींची दक्षता घेणे इष्ट ठरेल :

१) मूळ प्रतिमा पूर्ण दर्जात व खुल्या स्वरूपात संस्थेकडेच जतन कराव्यात.

२) प्रत्येक प्रतिमेस कायम राहणारा पत्ता द्यावा, प्रणाली बदलली तरी पत्ता बदलू नये.

३) वर्णनात्मक नोंदी युनिकोड मराठीत व सहज निर्यात करता येतील अशा स्वरूपात ठेवाव्यात.

४) पुरवठादाराशी करार करताना बाहेरील सॉफ्टवेअरला प्रश्न विचारता येईल असा खुला व लेखी संवादमार्ग मागावा.

समारोप

शोधपद्धती दर काही वर्षांनी बदलतात. संग्रह मात्र पिढ्यानुपिढ्या टिकवावयाचे असतात. समान संप्रेषण प्रमाणक हे या दोहोंमधील अंतर राखणारे साधन होय. आजवरचा अनुभव असा, की केवळ तांत्रिक गुणवत्तेवर प्रमाणक रुजत नाही. संग्राहक संस्थांनी त्याची मागणी केली तरच ते रुजते. म्हणून हा विषय संगणक विभागापुरता मर्यादित न ठेवता ग्रंथपाल व सर्व विद्याशाखांतील अध्यापकांनी तो आपला मानणे आवश्यक आहे.