चार न्यूट्रॉनांचा फरक

‘तुम्हाला किरणोत्सारी आयोडीन घ्यावे लागेल,’ असे डॉक्टरांनी सांगितले की थायरॉइडच्या रुग्णाच्या मनात धस्स होते. किरणोत्सार म्हटले की अणुबॉम्ब आठवतो. मग असा पदार्थ औषध म्हणून पोटात कसा घ्यायचा? घरात लहान मुले आहेत, त्यांचे काय? या प्रश्नांची उत्तरे अणूच्या रचनेत सापडतात.

अणूच्या मध्यभागी अणुकेंद्रक असते. त्यात धनप्रभारित प्रोटॉन आणि प्रभार नसलेले न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले असतात. बाहेरच्या पोकळीत ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन असतात. आयोडीनचे अणुकेंद्रक मोहरीच्या दाण्याएवढे मानले, तर त्याच्या अणूचा पसारा चाळीस-पन्नास मीटर, म्हणजे साधारण पंधरा मजली इमारतीइतका होईल. तरीही जवळजवळ सगळे वस्तुमान त्या दाण्यातच असते, कारण एक प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड असतो. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये लावला, अणुकेंद्रकाची कल्पना रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये मांडली आणि १९३२ मध्ये चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला.

मूलद्रव्य कोणते, हे प्रोटॉनची संख्या ठरवते. ५३ प्रोटॉन असले की ते आयोडीनच. मिठातल्या नेहमीच्या आयोडीनच्या अणुकेंद्रकात ७४ न्यूट्रॉन असतात. दोन्हींची बेरीज १२७. औषधातल्या आयोडीन-१३१ मध्ये न्यूट्रॉन ७८ असतात. फरक फक्त चार न्यूट्रॉनांचा. अशा भावंडांना समस्थानिके म्हणतात.

रासायनिक गुणधर्म मात्र इलेक्ट्रॉनवर, मुख्यतः सर्वांत बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉनवर ठरतात आणि ते दोघांतही सारखेच असतात. त्यामुळे थायरॉइड ग्रंथीला या दोघांतला फरक कळत नाही. संप्रेरक तयार करण्यासाठी ती रक्तातून आयोडीन ओढून घेते, तेव्हा औषधातले आयोडीनही तिच्यात जाऊन बसते. उपचाराचे मर्म हेच आहे.

न्यूट्रॉनचे प्रमाण जास्त असल्याने आयोडीन-१३१ चे अणुकेंद्रक अस्थिर असते. त्यातल्या एका न्यूट्रॉनचे प्रोटॉनमध्ये रूपांतर होते आणि एक वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. यालाच बीटा कण म्हणतात. प्रोटॉन ५४ झाल्याने आयोडीनचा झेनॉन हा निष्क्रिय वायू होतो. बीटा कण ऊतींमध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातो. म्हणून अतिसक्रिय किंवा कर्करोगग्रस्त थायरॉइड पेशी नष्ट होतात आणि आजूबाजूच्या अवयवांना फारशी झळ लागत नाही. सोबत गॅमा किरणही निघतात. ते शरीराबाहेर पडतात, त्यामुळे स्कॅन काढता येतो. पण इतरांनी काही दिवस अंतर राखायचे तेही त्यांच्यामुळेच.

हा काळ मर्यादित असतो. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे आठ दिवस. आठ दिवसांत निम्मे, सोळा दिवसांत पाव आणि ऐंशी दिवसांत हजारावा भाग उरतो. शिवाय बरेचसे आयोडीन पहिल्या काही दिवसांतच लघवीवाटे निघून जाते.

किरणोत्सारी आयोडीनचा पहिला उपचार १९४१ मध्ये बोस्टन येथे डॉ. सॉल हर्ट्झ यांनी केला. मुंबईत परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून अणुवैद्यकाचे काम करते आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा करून हे आयोडीन तयार केले जाते.

काळजी मात्र घ्यायलाच हवी. गर्भवतींना हे औषध देत नाहीत आणि स्तनपान आधीच थांबवावे लागते. कर्करोगासाठी मात्रा मोठी असल्याने रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. घरी आल्यावर भरपूर पाणी प्यावे, शौचालयात दोनदा पाणी सोडावे, वेगळे झोपावे आणि लहान मुले व गर्भवतींपासून डॉक्टर सांगतील तितके दिवस दूर राहावे. त्यानंतर नातवंडाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. तोवर बहुतेक किरणोत्सारी अणू शरीराबाहेर गेलेले किंवा झेनॉन होऊन शांत झालेले असतात.