रोह्याहून केंब्रिजला, ॲबरडीनहून पनवेलला

रोह्याला खेटून असलेल्या वरसे गावात मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला जायची ठरली, की घरात आधी विषय निघतो पैशांचा. ते साहजिकच आहे. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा हवा, तर फी आणि राहण्याखाण्याची ठरावीक रक्कम सलग 28 दिवस खात्यात दाखवावी लागते, नाहीतर शैक्षणिक कर्जाचं पत्र जोडावं लागतं. या धावपळीत एक प्रश्न मात्र मागे पडतो: तिथली पदवी इथे चालणार का?

रोह्यात बालपण गेलेल्या चिंतामणराव देशमुखांना तो पडला नसावा. 1915 मध्ये ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले. 1917 मध्ये वनस्पतिशास्त्रातलं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं आणि 1918 मध्ये आयसीएसला पहिले आले. आयसीएसची परीक्षा 1922 पर्यंत फक्त लंडनमध्येच होई. म्हणजे शिक्षण तिकडचं, परीक्षा तिकडची आणि नोकरी देणारं सरकारही तिकडचंच. इथे पदवी तपासायला होतं कोण? पुढे स्वतंत्र भारतात हेच देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले.

आजच्या विद्यार्थ्याची अडचण वेगळी. ब्रिटनमधली एम.एससी. बहुधा एका वर्षात पुरी होते, आपली दोन वर्षांची. परत येऊन पीएच.डी.ला किंवा सरकारी नोकरीला अर्ज केला, की समकक्षतेचा प्रश्न उभा राही. त्यावर 21 जुलै 2022 रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात सामंजस्य करार झाला. आपली बारावी आणि पदवी त्यांनी मानायची, त्यांची एक वर्षाची पदव्युत्तर पदवी आपण.

गोम पुढे आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, औषधनिर्माण, कायदा, वास्तुरचना या व्यावसायिक पदव्या या कराराच्या बाहेर आहेत. वरसेजवळच धाटावची एमआयडीसी आहे, रासायनिक कारखान्यांची. रसायनशास्त्रात एम.एससी. करायला निघालेल्याला कराराचा आधार आहे, औषधनिर्माणाची पदवी घेणाऱ्याला नाही. एजंटच्या रंगीत पत्रकात हा फरक ठळक छापलेला असेल, अशी आशा धरू नये. शिकून झाल्यावर तिथे नोकरी शोधायला मिळणारी मुदतही आक्रसते आहे: आतापर्यंत दोन वर्षं, 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्ष; पीएच.डी.वाल्यांना मात्र तीन वर्षं कायम. सप्टेंबरात कोर्स सुरू करणाऱ्याने हे गणित कर्जाच्या हप्त्यांशेजारी मांडून पाहावं.

करार कागदावर दुतर्फा असला, तरी विद्यार्थ्यांची रीघ मुख्यतः इकडून तिकडेच आहे. नवं घडतंय ते असं, की आता विद्यापीठंच इकडे यायला निघाली आहेत. 14 जून 2025 रोजी मुंबईत ॲबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन संस्था यांना इरादापत्रं देण्यात आली. त्यांच्यासाठी आखलेली एज्युसिटी नवी मुंबई विमानतळाच्या परिसरातली, आणि विमानतळ आहे पनवेल तालुक्यात, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात. रोह्याहून पनवेलला तर थेट गाडी आहे.

या संकुलांच्या बाबतीत पदवीची चिंता बरीच कमी होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार तिथली पदवी मूळ देशातल्या पदवीच्या तोडीची असली पाहिजे, आणि भारतात तिला वेगळं समकक्षता प्रमाणपत्र लागत नाही. विमानाचं तिकीट वाचतं, खोलीचं भाडंही वाचू शकतं. फी मात्र विद्यापीठच ठरवणार; ती वाजवी आणि पारदर्शक असावी, एवढीच नियमांची अपेक्षा. प्रवेशाचे निकषही त्यांचेच.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी 75 जणांना. पण ती परदेशात जाऊन शिकणाऱ्यांसाठी. परदेशी विद्यापीठ पनवेलला आलं, तर तिथे शिकणाऱ्याला कोणती शिष्यवृत्ती मिळणार, हे वरसेतल्या पालकांनी प्रवेशअर्ज भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं.