वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा कारभार

दोस्तांनो, आठवीच्या वर्गावर एकदा नजर टाका. मे महिन्याच्या सुटीनंतर कुणी एकदम ताडमाड झालेलं असतं, कुणाचा आवाज घोगरा झालेला असतो, तर कुणी अजून सहावीतलंच वाटतं. वय सारखं, मग असं का?

याचं उत्तर मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत बसलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत सापडतं. तिचं नाव पीयूषिका. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम! ती रक्तात एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते. संप्रेरक म्हणजे रक्तातून निरोप नेणारं रसायन. मुलींमध्ये हा निरोप अंडाशयांना मिळतो, मुलांमध्ये वृषणांना. मग अंडाशय इस्ट्रोजेन बनवू लागतात आणि वृषण टेस्टोस्टेरॉन. पुढे मुलींना पाळी येते, मुलांना मिसरूड फुटतं.

पण पीयूषिकाही स्वतःच्या मर्जीने चालत नाही बरं का! तिच्या वर असतो अधश्चेतक. तो साधारण तास-दीड तासाने तिला एक रासायनिक इशारा देतो. लहानपणी हे इशारे दबलेले असतात. वयात येताना ते आधी रात्री, झोपेत जोर धरतात.

इशारा थांबून थांबूनच का? अमेरिकेत अर्न्स्ट नोबिल आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांवर केलेला प्रयोग १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. तासाला एकदा इशारा दिला, तर पीयूषिका काम करू लागली. सतत दिला, तर तिचं काम मंदावलं! फार लवकर वयात येणाऱ्या मुलांवर आज याच तत्त्वाने उपचार होतात.

आणि ब्रेक? गच्चीवरची टाकी भरली, की तरंगता गोळा वर येऊन नळ बंद होतो ना, तसंच. टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं, की अधश्चेतक आणि पीयूषिका हात आखडता घेतात. इस्ट्रोजेनचंही बहुतेक वेळा असंच. फक्त पाळीच्या चक्राच्या मध्यावर उलटं घडतं. इस्ट्रोजेन खूप वाढलं, की एलएचची लाट येते आणि अंडपेशी बाहेर पडते.

हे बदल मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात कधीही सुरू होतात. म्हणजे मागेपुढे होणं हाच नियम! तेव्हा 'बुटक्या', 'घोगऱ्या' म्हणून कुणाला चिडवू नका, आणि स्वतःही खट्टू होऊ नका.

आई-बाबा, बदल या वयाच्या आधीच दिसले, किंवा ही वयं उलटूनही दिसले नाहीत, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. आणि मुलांनी काही विचारलं, तर विषय बदलू नका हं!