माप तेच, वाट वेगळी

फिटर ट्रेडला आलेल्या मुलाच्या हातात सुरुवातीला कानस येते. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये घट्ट धरायचा, पाय नीट रोवून कानस चालवायची, मग गुण्या लावून जॉब उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, की जॉब पुन्हा व्हाइसमध्ये. पिंपरी-चिंचवडमधल्या एका आयटीआयच्या कार्यशाळेत खिडकीजवळच्या बेंचवर एक मुलगा हेच करत होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. कानस वाकडी गेली की किरकिरते. बाकीच्यांना ते कानाला कळतं, त्याला तळहाताला कळतं.

खिडकीजवळची जागा त्याला मुद्दाम दिलेली आहे. तिथून निदेशक सरांचे ओठ आणि हात दोन्ही दिसतात. सर आधी फळ्याकडे तोंड करून बोलायचे. आता ते आधी जॉब करून दाखवतात, मग मुलांकडे वळून बोलतात आणि नवा शब्द फळ्यावर लिहितात. शेवटी जॉब व्हर्निअरखाली जातो, आणि तिथे मात्र त्याला इतरांसारखंच तपासलं जातं.

हे बदल घडवून आणणाऱ्या मॅडम तिथे गटनिदेशक आहेत. अडचणीतल्या मुलामुलींचं सगळं त्यांच्याकडे येतं. सहकाऱ्यांना त्या एकच गोष्ट सांगतात, "मापात सूट नाही. मापापर्यंत पोचायला त्याला काय लागेल, ते बोला." मला हा सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. दया दाखवून पास केलेल्या मुलाचा शाफ्ट चाकणच्या कारखान्यात बेअरिंगमध्ये बसणार नाही, आणि घरी बसेल तो मुलगाच.

देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. पिंपरीत १९५४ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग एमआयडीसी वाढली, पुढे कारखाने चाकणपर्यंत पसरले. हात लागत गेले, तसे आयटीआय भरत गेले. महापालिकेची स्वतःची आयटीआय मोरवाडीत आहे, मुलींसाठी वेगळी कासारवाडीत आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. प्रवेशाला आरक्षण आहे, मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत. प्रवेशाचं दार उघडं आहे. गळती होते ती त्यानंतर.

ती आधी हजेरीपटावर दिसते. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. मॅडम सकाळी पट चाळतात आणि सलग तीन दिवस गैरहजर असलेल्याला स्वतः फोन लावतात. "काय रे, कुठे आहेस?" पलीकडून झोपेतला आवाज येतो, "नाईट चालू हाय मॅडम." मुलगा लातूरकडचा, चिखलीत खोली घेऊन राहणारा, रात्री चाकणच्या गोदामात माल चढवणारा. त्याला नोकरी सोड म्हणून चालत नाही, खोलीचं भाडं त्यातूनच निघतं. मॅडम ठेकेदाराशी बोलतात, परीक्षेपर्यंत सेकंड शिफ्ट मिळते का बघतात. सोबत महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज काढून बघतात. तो बहुतेक वेळा एखाद्या कागदावर अडलेला असतो. उत्पन्नाचा दाखला गावच्या तहसीलचा लागतो, बँक खात्याला आधार जोडलेलं नसतं. गावी वडिलांना फोन जातो, "दादा, सेतू केंद्रात जाताना रेशनकार्ड आणि आधार दोन्ही न्या, नाहीतर परत खेप पडेल." एक खेप म्हणजे त्या घरची एक दिवसाची मजुरी.

मुलींची गळती वेगळ्या कारणांनी होते. टर्नरला आलेली मुलगी लेथला घाबरत नाही. संध्याकाळी बस चुकेल का, स्वच्छतागृहाला कडी आहे का, घरचे मध्येच लग्न ठरवतील का, याची तिला धास्ती असते. याच पिंपरीच्या टेल्कोमध्ये सुधा मूर्ती नोकरीला लागल्या, त्या १९७४मध्ये जाहिरातीतल्या 'फक्त पुरुष' या अटीविरुद्ध जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून. आज त्याच कारखान्यात गाड्यांच्या जुळणीच्या लाइनवर बायका काम करतात. मॅडम मुलींच्या आयांना बोलावतात, कार्यशाळा फिरवून दाखवतात, मुलगी लेथवर काम करताना दाखवतात. आईने एकदा डोळ्यांनी पाहिलं, की घरातला अर्धा विरोध मावळतो, असा त्यांचा अनुभव आहे.

दिव्यांग मुलांसाठी परीक्षेच्या वेळी लेखनिकाची परवानगी आणि तासाला किमान २० मिनिटांचा जादा वेळ, यासाठीचे कागद आधीच तयार ठेवावे लागतात. सगळ्यात कसोटीचं काम त्यानंतरचं, शिकाऊ उमेदवारीचं. १९६१च्या कायद्यानुसार तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. खिडकीजवळच्या त्या मुलासाठी मॅडम चाकणच्या एका कारखान्यात आधी स्वतः जाऊन आल्या. "मुलगा चांगला आहे, घ्या," एवढंच सांगून त्या थांबत नाहीत. सायरनसोबत दिवा लागतो का? फोर्कलिफ्ट मागे येताना नुसता भोंगा वाजतो की बत्तीही फिरते? चालायची वाट पिवळ्या पट्ट्यांनी आखली आहे का? एचआरचे साहेब आधी कुरकुरले. मग सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, बत्ती बसवली तर आमच्याच लोकांचं भलं आहे. प्रेसच्या आवाजात भोंगा ऐकू येतो कुणाला?"

यातलं बहुतेक काम मॅडम तास संपल्यावर, स्वतःच्या फोनवरून करतात. जॉब तपासणी, नोंदवह्या, साहित्याची मागणी हे सगळं असतंच, त्यावर हे. उद्या त्यांची बदली झाली तर कोणत्या मुलाला खिडकीजवळ बसवायचं आणि का, हे माहीत असणारं तिथे कुणी उरणार नाही. इतक्या महत्त्वाच्या कामाचा भार एका माणसाच्या चांगुलपणावर टाकणं मला मान्य नाही. लेथ चालवायला शिकवणाऱ्याचं पद मंजूर होतं, तसं लेथपर्यंत पोचवणाऱ्याचंही व्हायला हवं. त्याला तास नेमून द्यावेत, फोनचा आणि प्रवासाचा खर्च द्यावा आणि त्याच्या नोंदी पुढच्याच्या हाती सोपवाव्यात. कारखान्यांना माणसं मिळत नाहीत, अशी तक्रार या पट्ट्यात सतत ऐकू येते. माणसं आहेत. त्यांना हजेरीपटावर टिकवून धरणारा माणूस आपण नेमत नाही.