पंख मोठे हवेत की हिशेब पक्का?

पाण्याच्या काठावर उभारलेला सुमारे नऊ मीटर उंचीचा मंच, त्यावरून चार-पाच जणांनी धावत ढकलत आणलेले घरगुती बनावटीचे ग्लायडर आणि हसण्याच्या तयारीने जमलेली गर्दी, हे दृश्य ‘रेड बुल फ्लुगटाग’ या स्पर्धेमुळे जगभर परिचित झाले आहे. फ्लुगटाग म्हणजे जर्मन भाषेत उड्डाणाचा दिवस. १९९२ साली व्हिएन्ना येथे या स्पर्धेचा प्रारंभ झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९७१ मध्ये, इंग्लंडमधील सेल्सी या किनारी गावात ‘बर्डमॅन’ स्पर्धा सुरू झाली होती. जपानमधील बिवा सरोवरावर अशीच स्पर्धा १९७७ पासून भरते.

फ्लुगटागमध्ये इंजिनाला मज्जाव असतो आणि अंतराबरोबरच कल्पकता व सादरीकरण यांनाही गुण मिळतात. त्यामुळे चित्रविचित्र आकारांची याने येतात आणि त्यांपैकी बहुतेक मंचाच्या कडेपाशीच नाक खुपसून पाण्यात जातात. मात्र २१ सप्टेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे ‘द चिकन व्हिस्परर्स’ या संघाच्या ग्लायडरने ७८.६४ मीटर अंतर कापले. खेळ तोच, माणसेही हौशीच. मग एवढा फरक कशामुळे पडतो?

दावा आणि मोजमाप

विमानाचा विषय निघाला की मराठी माणसाला शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव आठवते. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी मानवरहित विमान उडवले, असे सांगितले जाते. परंतु त्याला समकालीन भक्कम पुराव्याचा आधार नाही. तळपदे यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील यंत्रांची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी तपासणी केली. ती याने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी १९७४ मध्ये मांडला.

त्याच सुमारास जर्मनीत ओटो लिलिएन्थाल पक्ष्यांच्या पंखांची मोजमापे घेत होता. १८९१ पासून त्याने स्वतः बांधलेल्या ग्लायडरने सुमारे दोन हजार उड्डाणे केली आणि सरावासाठी बर्लिनजवळ मातीची टेकडीही उभारली. उड्डाणातच झालेल्या अपघातानंतर १० ऑगस्ट १८९६ रोजी त्याचा मृत्यू झाला. त्याने मागे ठेवलेली आकडेवारी पुढे राइट बंधूंनी अभ्यासली. हौशी स्पर्धकालाही लिलिएन्थालची हीच वाट धरावी लागते.

नऊ मीटरांची पुंजी

नऊ मीटर उंचीवरून पडणारी वस्तू साधारण १.४ सेकंदांत पाण्यावर आदळते. धावण्याचा वेग सेकंदाला ६ मीटर धरला, तर तेवढ्या वेळात ती कडेपासून आठ मीटरांवर पोहोचते. याचा अर्थ, आठ मीटरांपर्यंतचे अंतर हे उड्डाण नसून पडणेच असते. आदळतानाचा खाली येण्याचा वेग ताशी ४८ किलोमीटरच्या घरात जातो. या वेगाला पाणी मऊ लागत नाही.

आता पंखांचा हिशेब पाहू. चालक ६० किलो आणि ग्लायडर ३० किलो, असे एकूण ९० किलो वजन उचलायचे आहे. पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ६ मीटर वेगाने हे वजन पेलण्यासाठी साध्या घडणीच्या पंखाचे क्षेत्रफळ सुमारे ४१ चौरस मीटर लागेल. एवढा पंख हौशी साहित्यातून हलका आणि ताठ ठेवणे जवळजवळ अशक्य असते. वेग ९ मीटर झाला, तर मात्र १८ चौरस मीटर, म्हणजे ९ मीटर लांब आणि २ मीटर रुंद पंख पुरतो.

हा वाढीव वेग उंची खर्चून मिळवावा लागतो. सुमारे २.३ मीटर खाली झेपावले की तो हाती येतो आणि ६.७ मीटर उंची शिल्लक राहते. एक मीटर खाली येताना सहा मीटर पुढे जाणारे ग्लायडर या शिलकीतून ४० मीटर जाऊ शकते. पाण्यालगत आल्यावर पंखांच्या टोकांशी निर्माण होणारा हवेचा विरोध घटतो आणि आणखी थोडे अंतर पदरात पडते. कडेवरून निघताच नाक वर उचलण्याचा मोह म्हणूनच घातक ठरतो. वेग मिळण्याआधी नाक वर गेले की पंखावरील प्रवाह तुटतो आणि यान दगडासारखे खाली येते.

पायडल लावून पंखा फिरवावा काय? नऊ मीटर उंचीवरील ९० किलो वजनात सुमारे ७,९०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. जोमाने पायडल मारणारा माणूस पाच सेकंदांत जेमतेम १,५०० ज्यूल देतो आणि साखळी-पंख्याचे वजन वेगळेच. लांब पल्ल्यात मात्र हे गणित पालटते. पॉल मॅक्क्रेडी यांच्या ‘गॉसमर अल्बट्रॉस’ने १२ जून १९७९ रोजी केवळ पायडलच्या बळावर सुमारे ३६ किलोमीटरची इंग्लिश खाडी ओलांडली. बिवा सरोवरावरील पायडलच्या यानांनीही तीस किलोमीटरहून अधिक पल्ला गाठला आहे. काही सेकंदांच्या खेळात मात्र उंची हेच इंजिन असते.

तोल आणि ताठपणा

बहुसंख्य याने तोल चुकल्यामुळे पडतात. आयताकार पंख व मागे शेपटी असलेल्या ग्लायडरचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर असावा. दोन मीटर रुंदीच्या पंखात ही जागा ५० ते ६५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात येते. एकूण वजनाचा दोन तृतीयांश भाग चालकाचाच असल्याने तो १५ सेंटिमीटर मागे सरकला, तरी गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर मागे जातो. तेवढ्याने उड्डाण बिघडू शकते. पंखांची टोके किंचित वर उचललेली ठेवली, तर एका बाजूला कललेले यान सावरण्यास मदत होते.

दुसरा धोका मंचाच्या कडेचा. पुढची चाके कडेबाहेर आणि मागची मंचावर, अशा स्थितीत यान नाकावर कलते. म्हणून ग्लायडर स्वतंत्र ट्रॉलीवर ठेवतात आणि ती अडकून न बसता सुटेल, याची तालीम करतात. सांगाड्याला बांबू किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्या, आवरणाला पातळ प्लास्टिक आणि ताणासाठी तारा, एवढे साहित्य पुरते. पंखाची परीक्षा घेण्यासाठी सांगाडा उलटा टेकवून पंखांवर उड्डाणातील भाराच्या दुप्पट वजनाच्या वाळूच्या पिशव्या सारख्या पसरून ठेवाव्यात. मोडायचे असेल ते तिथेच मोडावे.

निमोण्याच्या माळावरची प्रयोगशाळा

स्पर्धेचा मंच जवळपास नसला, तरी या शास्त्राचा अभ्यास कुठेही करता येतो. पुणेकरांनी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये विंचच्या दोराने आकाशात चढणारी ग्लायडर पाहिली आहेत. छोट्या प्रतिकृतीला तेवढाही खटाटोप लागत नाही. शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या गावी पीक निघाल्यानंतरचे मोकळे रान त्यासाठी पुरेसे आहे. वर सांगितलेल्या ग्लायडरची एक पंचमांश प्रतिकृती १.८ मीटर पंखविस्ताराची आणि ७२० ग्रॅम वजनाची होईल. ती सेकंदाला चार मीटर वेगाने, म्हणजे हलक्या धावेने, हातातून सोडता येते. नाकाजवळ मातीचा गोळा कमी-जास्त करत गुरुत्वमध्याची जागा शोधावी, प्रत्येक फेकीचे अंतर वहीत नोंदवावे. लहान प्रतिकृती मूळ यानापेक्षा थोडी कमी तरंगते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

मात्र माणूस बसवून विहिरीच्या कठड्यावरून, टेकडीच्या कड्यावरून अथवा त्याच तालुक्यातील चिंचणी येथील घोड धरणासारख्या जलाशयावर परस्पर प्रयोग करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. अधिकृत स्पर्धेतही हेल्मेट, जीवरक्षक जाकीट, पोहण्याचे कौशल्य आणि पाण्यात सज्ज असलेले बचावपथक यांना पर्याय नाही. चालकाला यानाशी घट्ट बांधू नये. पाण्याखाली त्याला क्षणात बाहेर पडता आले पाहिजे. त्याच्या छातीसमोर टोकदार नळी असू नये.

मॅक्क्रेडी यांच्या यशाचे एक रहस्य असे सांगतात, की त्यांचे यान मोडले तर चटकन दुरुस्त होईल असे बांधलेले होते. त्यामुळे इतरांना जितके प्रयोग करायला वर्षे लागत, तितके त्यांनी अल्पावधीत केले. हौशी स्पर्धकाने हा धडा घेतला, तर प्रेक्षकांसमोरच्या त्या पाच-सहा सेकंदांआधी त्याच्या वहीत शेकडो लहान उड्डाणांची नोंद झालेली असेल.