नथ पुसट का आली?

गेल्या वर्षी गौरी-जेवणाच्या संध्याकाळी आम्ही दिवाणखान्यातले दिवे घालवून समया तेवढ्या ठेवल्या. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी त्यांच्या आईची नथ घातली होती. परत गेल्यावर ती भाचीला द्यायची, हे ठरलेले. म्हणून मी हौसेने चाळीसेक फोटो काढले. संगणकावर पाहतो तो काय, मागच्या पडद्याची जर अगदी स्पष्ट आणि नथ म्हणजे एक पिवळट ठिपका! “आणि म्हणे इंजिनिअरिंगमधले डॉक्टर!” एवढेच सौ. म्हणाली.

दोष कॅमेऱ्याचा कमी, माझाच जास्त. अलीकडचे कॅमेरे चेहरा, डोळा ओळखतात. माझ्या जुन्या कॅमेऱ्याला फक्त उजेड-अंधाराच्या कडा कळतात. भिंग पुढेमागे सरकवत तो कडा तपासतो. त्या सर्वांत ठळक कुठे होत्या, हे तो टप्पा ओलांडून गेल्यावरच समजते. मग माघारी यायचे. ती घरघर त्याचीच. दुसऱ्या पद्धतीत भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाची तुलना होते आणि भिंग कोणत्या दिशेला, किती हलवायचे हे लगेच कळते. मिनोल्टा ७००० या फिल्मच्या कॅमेऱ्यात १९८५ साली हीच पद्धत होती. पण कडा दोघींनाही लागतात.

समईच्या उजेडात नेमक्या त्याच बुजतात. शिवाय कमी प्रकाशात सेन्सरवर जे दाणे उमटतात, त्यांनाही कॅमेरा कडा समजून फसतो. त्यात पडद्यावरची फोकसची चौकट नथीपेक्षा मोठी. चौकटीत नथही आणि मागची चमकती जरही. जिची कड ठळक, तिची सरशी! मी मग आणखी जवळ गेलो. ही दुसरी चूक. प्रत्येक भिंगाला एक किमान अंतर असते, त्याच्या आत फोकस होणेच शक्य नाही. झूम केले, तर बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत प्रकाश आणखी कमी आत येतो आणि ते किमान अंतरही वाढते.

उपाय साधे आहेत. फोकसची चौकट मेनूत जाऊन सर्वांत लहान करावी. क्षणभर विजेरीचा झोत वस्तूवर टाकावा, बटण अर्धे दाबून फोकस धरावा, विजेरी विझवावी आणि मग बटण पूर्ण दाबावे. मध्ये आपण किंवा वस्तू हलता कामा नये. जवळून काढताना बोटभर अंतरानेही बिघडते. वस्तू गुळगुळीत असेल तर तिच्याच अंतरावर छापील कागद धरून त्यावर फोकस घ्यावा. फोनवर बोट दाबून धरले की बहुतेक वेळा फोकस तिथेच कायम राहतो. आणि तिवई असेल तर सरळ हाताने फोकस करावा, पडद्यावर चित्र मोठे करून. मला विचाराल तर लहान वस्तूंना हाच मार्ग.

सासूबाई निघायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा नथ घालायला सांगितली. “अशी उगाच घालतात का?” म्हणून त्यांनी ती काढून दिली. काळ्या खणावर ठेवली, खिडकीशी तिवई लावली. तिसऱ्याच फोटोत एकूण एक मोती मोजता आला. एक मोती बाकीच्यांहून किंचित पिवळा दिसत होता. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिले. “हा माझ्या लग्नात बदललेला,” त्या म्हणाल्या.