ताटातील पिष्ट आणि रक्तातील साखर

मधुमेह हे नाव आपल्याकडे फार जुने आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण चरकसंहितेत नोंदलेले आहे. आणि त्या एका निरीक्षणात रोगाचे अर्धे निदान आले, असे म्हणावयास हरकत नाही. शरीराने जी साखर कामी लावावयाची, ती अंगी न लागता वाहून जाते. आज हा रोग विरळा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे आढळले. तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, निदान शेजारी तरी, एखादा मधुमेही असणारच.

पुष्कळांची अशी समजूत असते की, चहातली साखर सोडली आणि पेढा नाकारला, म्हणजे पथ्य झाले. परंतु भात, पोळी, भाकरी, पोहे, बटाटा आणि साबूदाणा यांतील पिष्टाची आतड्यात शेवटी ग्लुकोज नावाची साखरच होते. ती रक्तात शिरली की स्वादुपिंडातून इन्सुलिन हा रस स्रवतो आणि ती साखर पेशींच्या आत पोचती करतो. मधुमेहात हा रस एक तर पुरेसा निर्माण होत नाही, किंवा पेशी त्याला दाद देत नाहीत. मग रक्तात तुंबलेली साखर वर्षानुवर्षे डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू आणि हृदय यांची हानी करीत राहते. दुःख हे की, ही हानी बराच काळ रोग्याला जाणवतही नाही.

तेव्हा ताटातले पिष्ट कमी करावे, हा विचार ओघानेच येतो. आणि तो नवाही नाही. १८७०-७१ साली पॅरिस शहराला वेढा पडून अन्नाची टंचाई झाली, तेव्हा आपल्या मधुमेही रोग्यांच्या मूत्रातील साखर घटल्याचे बुशार्दा या फ्रेंच वैद्याच्या ध्यानात आले होते. १९२१ साली टोरांटो येथे बॅंटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन हाती आणले, आणि पुढच्याच वर्षी ते रोग्यांना मिळू लागले. त्यापूर्वी पथ्यावाचून वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते.

मात्र आपल्या अन्नाचा आपल्याच रक्तावर काय परिणाम होतो, हे रोग्याला घरबसल्या कळण्याची सोय त्यानंतरही कित्येक वर्षे नव्हती. या बाबतीत रिचर्ड बर्नस्टीन या अमेरिकन अभियंत्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून ते मधुमेही होते. १९६९ च्या सुमारास रक्तशर्करा मोजणारे एक यंत्र निघाले. पण ते डॉक्टरांनाच विकत मिळे. बर्नस्टीन यांच्या पत्नी डॉक्टर होत्या. त्यांच्या नावाने त्यांनी ते मिळविले. दिवसातून अनेक वेळा रक्त तपासून कोणत्या घासाने साखर किती चढते, याचा त्यांनी हिशेब मांडला आणि आहारातील पिष्ट अगदी थोडे केले. पुढे पंचेचाळिशीत वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेऊन ते स्वतः डॉक्टर झाले आणि २०२५ साली नव्वदीत वारले. त्यांचे कडक पथ्य सर्व तज्ज्ञांना मान्य नाही. परंतु रोग्याने आपली साखर आपण मोजावी, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. गहू, ज्वारी आणि बाजरी यांच्या १०० ग्रॅम पिठात सामान्यतः ६० ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे पोळीऐवजी भाकरी खाल्ली तरी, तीन भाकऱ्यांचा हिशेब तीन भाकऱ्यांचाच राहतो. गुळात शंभरातील ८० हून अधिक भाग साखरच असते. आणि उपासाचा साबूदाणा म्हणजे तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. याच्या उलट मेथी, पालक, दोडका, पडवळ, वांगी, ताक, पनीर, शेंगदाणे, अंडी आणि मासळी यांनी साखर फारशी चढत नाही. उसळीत पिष्ट असले तरी प्रथिने आणि चोथाही असतो. म्हणून भाजी, कोशिंबीर आणि उसळ यांनी ताटाचा मोठा भाग भरावा, आणि भात-पोळीला उरलेला कोपरा द्यावा.

तो कोपरा केवढा असावा, हे ग्लुकोमीटर सांगतो. जेवणापूर्वी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा साखर पाहावी, आणि पानात काय होते ते वहीत टिपावे. पुष्कळ प्रौढ रोग्यांसाठी जेवणापूर्वी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० मिलिग्रॅमच्या आत, असे लक्ष्य ठेवतात. आपले लक्ष्य आपल्या डॉक्टरांनी ठरवावे. आठवडाभराच्या नोंदींवरून दोन वाट्या पोहे आपल्याला सोसतात की अर्धीच वाटी, याचा उलगडा होतो. याखेरीज गेल्या दोन-तीन महिन्यांचा ताळेबंद सांगणारी एचबीए१सी ही तपासणीही वेळोवेळी करून घ्यावी.

येथे एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. जे रोगी इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेतात, त्यांनी औषधाची मात्रा तीच ठेवून एकाएकी भात-पोळी सोडली, तर साखर धोकादायक रीतीने खाली जाते. घाम सुटणे, हातपाय थरथरणे, भान हरपू लागणे ही तिची लक्षणे होत. साखर ७० च्या खाली गेली असता, रोगी शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये; त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. गर्भवती स्त्रिया, मूत्रपिंडाचे रोगी आणि लघवीवाटे साखर काढून टाकणाऱ्या गोळ्या घेणारे, यांनी तर असे पथ्य डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून आरंभूच नये. इतरांनीही आपली नोंदवही डॉक्टरांपुढे ठेवावी, आणि पथ्य व औषध यांची सांगड त्यांच्याकडून घालून घ्यावी.